लयीविना नोंद : कवचधारी प्राण्यांच्या वाढत्या मेंदूतील सेरोटोनिन आणि मराठवाड्यातील खेकडा-संशोधन – एक चिकित्सा

सारांश : कवचधारी प्राण्यांच्या मेंदूतील सेरोटोनिनसारख्या रसायनांचे प्रमाण दिवसाच्या चोवीस तासांत बदलते आणि ही लय प्राण्याच्या वाढीबरोबर घडत जाते, असे गेल्या काही दशकांतील संशोधनातून पुढे आले आहे. मराठवाड्यात कवचधारी प्राण्यांच्या अंतःस्रावी अभ्यासाची मोठी परंपरा आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रवाहांची एकत्र चिकित्सा केली आहे. नमुना घेतल्याची वेळ नोंदलेली नसेल तर शीघ्र बदलणाऱ्या रसायनांविषयीची नोंद अपुरी ठरते. तसेच क्रेफिशवरील निष्कर्ष गोड्या पाण्यातील खेकड्याच्या पिलांना तपासणीशिवाय लावता येत नाहीत. या दोन मुद्द्यांचे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : कवचधारी प्राणी, सेरोटोनिन, दैनिक लय, नेत्रवृंत, गोड्या पाण्यातील खेकडा, मराठवाडा.

१. प्रस्तावना

मृगाचा पाऊस पडून गेला की धाराशिव जिल्ह्यातील तेरणा, बोरी, मांजरा या नद्यांच्या काठी रात्री बॅटऱ्यांचे उजेड फिरू लागतात. खेकडे धरणारी ही मंडळी दुपारी ओढ्यावर जात नाहीत. खेकडा अंधारात बिळाबाहेर येतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. अमावास्येच्या सुमारास धरलेला खेकडा भरलेला असतो आणि पौर्णिमेचा पोकळ निघतो, अशीही एक समजूत आपल्याकडे सर्वत्र आढळते. तिची सत्यासत्यता हा स्वतंत्र प्रयोगाचा विषय आहे. मात्र या समजुतीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की, खेकड्याला वेळ असते.

तोच खेकडा प्रयोगशाळेत आला की त्याची ही वेळ हरवते. नोंदवहीत त्याचे वजन, लिंग, कवचाची रुंदी, टोचलेल्या द्रव्याची मात्रा या गोष्टी काटेकोरपणे लिहिल्या जातात. नमुना किती वाजता घेतला, हा रकाना मात्र बहुधा आखलेलाच नसतो. वरवर पाहता ही कारकुनी त्रुटी वाटते. प्रत्यक्षात तिचा परिणाम निष्कर्षांच्या विश्वासार्हतेपर्यंत पोहोचतो, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. ते मांडण्यासाठी मेंदूतील सेरोटोनिन हे उदाहरण घेतले असून, विशेष भर वाढीच्या अवस्थेतील प्राण्यांवर दिला आहे.

२. मराठवाड्यातील परंपरा : योगदान आणि मर्यादा

१९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाच्या (१९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ) प्राणिशास्त्र विभागात प्रा. आर. नागभूषणम् आणि प्रा. आर. सरोजिनी यांनी कवचधारी प्राण्यांच्या शरीरक्रियेचा व अंतःस्रावी संस्थेचा अभ्यास रुजविला. बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस हा गोड्या पाण्यातील खेकडा आणि मॅक्रोब्रॅकियम किस्तनेन्सिस हा नदीतील झिंगा हे या परंपरेचे परिचित प्राणी होत. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या प्रदेशाने कवचधारी प्राण्यांच्या अभ्यासात नाव मिळवावे, ही गोष्ट अभिमानास्पद आहे.

या परंपरेने वर्षाची लय चांगली ओळखली होती. ए. डी. दिवाण आणि नागभूषणम् यांनी १९७४ मध्ये याच खेकड्याचे प्रजननचक्र आणि जननग्रंथींतील जैवरासायनिक बदल यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा यांनुसार प्राण्याचे अंतरंग बदलते, हे सूत्र त्यामुळे आपल्याकडील अभ्यासकांच्या अंगवळणी पडले. कोणत्या महिन्यात प्राणी गोळा केला हे न लिहिता प्रबंध सादर करण्याचे धाडस आज कोणी करणार नाही. दिवसाच्या प्रहराला मात्र हा मान अद्याप मिळायचा आहे.

१९९४ मध्ये ‘जर्नल ऑफ क्रस्टेशियन बायॉलॉजी’ या नियतकालिकात मिल्टन फिंगरमन, नागभूषणम्, सरोजिनी आणि पी. श्रीनिवासुलु रेड्डी यांचा एक विस्तृत आढावा प्रसिद्ध झाला. कवचधारी प्राण्यांतील जैवजन्य अमाइने हा त्याचा विषय. शीर्षकात पुढे तीन शब्द येतात : ओळख, स्थान आणि कार्य. कोणते रसायन आहे, ते चेतासंस्थेत कोठे आहे आणि ते काय करते, हे ते तीन प्रश्न. विखुरलेल्या माहितीला या लेखाने शिस्त आणली, याबद्दल दुमत असू नये. शीर्षकावरून ग्रंथाची पारख करणे अन्यायाचे होईल, हेही मान्य. तरीपण या तीन शब्दांच्या पंक्तीला चौथा शब्द बसावयास हवा, असे आज मागे वळून पाहताना जाणवते. तो शब्द म्हणजे ‘वेळ’.

येथे एका गोष्टीची नोंद आवश्यक आहे. फिंगरमन हे फ्रँक ब्राऊन यांच्या परंपरेतील. ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस फिडलर खेकड्याच्या रंगबदलाची दैनिक लय दाखवून दिली होती. सतत अंधारात ठेवले तरी तो खेकडा दिवसा गडद आणि रात्री फिकट होत राहतो. म्हणजे वेळेचा विचार या घराण्याला अपरिचित नव्हता. उलट तो त्याच्या मुळाशीच होता. मात्र मुळाशी असलेला हा विचार आपल्या महाविद्यालयांच्या प्रयोगवहीपर्यंत पाझरला नाही.

३. सेरोटोनिन : साठा आणि वापर

सेरोटोनिन हे रसायन १९४८ मध्ये रक्तरसातून वेगळे करण्यात आले. रक्तवाहिन्या आकुंचित करणारा घटक म्हणून ते प्रथम ओळखले गेले. पुढे ते पृष्ठवंशीय तसेच अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या चेतासंस्थेतही आढळले. १९८० मध्ये लिव्हिंग्स्टन, हॅरिस-वॉरिक आणि क्रॅव्हिट्झ यांनी लॉब्स्टरमध्ये सेरोटोनिन टोचल्यावर तो अंग उचलून, पाय वाकवून आक्रमक वाटणारी ठेवण घेतो आणि ऑक्टोपामिन टोचल्यावर याच्या नेमकी उलट ठेवण घेतो, असे दाखविले. २०१४ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी ताणाखालील क्रेफिशमध्ये चिंतासदृश वर्तन आणि सेरोटोनिन यांचा संबंध प्रस्थापित केला.

अंतःस्रावी अभ्यासाच्या दृष्टीने सेरोटोनिनचे महत्त्व वेगळे आहे. कवचधारी प्राण्याच्या नेत्रवृंतात, म्हणजे डोळ्याच्या देठात, एक्स-अवयव आणि सायनस ग्रंथी यांचे संकुल असते. रक्तातील साखर वाढविणारे, कात टाकणे लांबविणारे व अंडाशयाची वाढ रोखणारे संप्रेरक तेथून स्रवतात. या स्रावावर सेरोटोनिनचा प्रभाव असतो. ते टोचले असता साखर वाढविणारे संप्रेरक बाहेर पडते व रक्तद्रवातील साखर वाढते. सरोजिनी, नागभूषणम् आणि फिंगरमन यांनी १९९५ मध्ये प्रोकॅम्बॅरस क्लार्काय या क्रेफिशमध्ये सेरोटोनिनमुळे अंडाशयाच्या परिपक्वतेला चालना मिळते व डोपामिनमुळे ही चालना रोखली जाते, असे दाखविले.

आता वेळेचा प्रश्न घेऊ. कॅलेन, अब्राहम्से आणि व्हॅन हेर्प यांनी १९९० मध्ये क्रेफिशच्या रक्तद्रवातील साखर वाढविणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाण चोवीस तास मोजले. अंधार पडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत ते वाढते आणि त्यामागोमाग साखरही वाढते, असे दिसून आले. याचा अर्थ असा की, ज्या प्राण्याला काहीही टोचलेले नाही त्याची साखरदेखील सकाळी एक आणि सायंकाळी दुसरी असते. एका संशोधकाने सकाळी अकराला व दुसऱ्याने रात्री आठला घेतलेले नियंत्रण गटाचे आकडे वेगवेगळे आले, तर त्यात आश्चर्य नाही. आश्चर्य आहे ते हे आकडे वेळेचा उल्लेख न करता एकाच तक्त्यात मांडण्याचे.

सेरोटोनिनच्या बाबतीत आणखी एक सूक्ष्म अडचण आहे. मेंदूत आढळलेले प्रमाण हा साठा असतो. तो वाढला याचे दोन अर्थ संभवतात. एक, पेशींनी अधिक सेरोटोनिन तयार केले. दुसरा, तयार झालेले वापरले गेले नाही. कणगीत धान्य जास्त दिसले म्हणून पीक चांगले आले असे लगेच ठरत नाही; घरात खाणारे कमी झाले असणेही शक्य असते. एका वेळच्या एका मोजमापाने या दोहोंत निवड करता येत नाही. साठ्याचा चढउतार चोवीस तास पाहिला आणि त्याच्या शेजारी प्राण्याची हालचाल किंवा संप्रेरकाची पातळी ठेवली, तरच काही निर्णय करता येतो.

येथे परंपरेवर अन्याय होऊ नये म्हणून एक भेद स्पष्ट केला पाहिजे. वेळेच्या नोंदीचा अभाव सर्व निष्कर्षांना सारखा बाधत नाही. अंडाशयाचे वजन दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलते. त्यासाठी ऋतू महत्त्वाचा, प्रहर दुय्यम. म्हणून अंडाशयाच्या वाढीवरील जुने निष्कर्ष केवळ वेळ लिहिली नाही या कारणाने फेकून देण्याचे कारण नाही. याउलट रक्तद्रवातील साखर, रंजकपेशींची अवस्था आणि मेंदूतील अमाइनांचे प्रमाण या गोष्टी तासातासाने बदलतात. तेथे वेळेविना आकडा म्हणजे तिथीविना पंचांग होय.

४. वाढत्या प्राण्यातील लय

‘सर्केडियन’, म्हणजे साधारण एका दिवसाची, हा शब्द फ्रान्झ हालबर्ग यांनी १९५९ मध्ये रूढ केला. केवळ दिवस-रात्रीच्या बदलाला दिलेला प्रतिसाद म्हणजे अशी लय नव्हे. सतत अंधारातही जी सुमारे चोवीस तासांच्या आवर्तनाने चालू राहते, ती अंतःस्थ लय होय. फळमाशीतील या घड्याळाची रेण्वीय यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा हा विषय वृत्तपत्रांतही आला.

हे घड्याळ जन्मतःच पूर्ण असते काय, हा खरा कुतूहलाचा प्रश्न आहे. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातील मारिया लुइसा फानहुल-मोलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो क्रेफिशच्या पिलांवर हाताळला. प्रकाशाला डोळ्याने दिलेला विद्युत प्रतिसाद त्यांनी वाढीच्या निरनिराळ्या टप्प्यांवर मोजला. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार नवजात पिलांत सर्केडियन लयीऐवजी मिनिटांच्या व थोड्या तासांच्या आवर्तनाची जलद स्पंदने दिसतात. चोवीस तासांची लय नंतर, वाढीच्या ओघात प्रकट होते. वाद्यमेळातील प्रत्येक वादक आधी आपापले सूर छेडतो आणि मग सर्वजण एका तालावर येतात, तसा काहीसा हा प्रकार आहे.

याच मार्गाने पुढे १९९९ मध्ये कास्तान्योन-सर्व्हान्तेस, बॅटेल आणि फानहुल-मोलेस यांनी ‘जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल बायॉलॉजी’मध्ये क्रेफिशच्या मेंदूतील व नेत्रवृंतातील सेरोटोनिनच्या प्रमाणात वाढीच्या काळात होणारे लयबद्ध बदल मांडले. हा अभ्यास प्रस्तुत चिकित्सेचा मध्यबिंदू आहे, कारण त्यात रसायन, स्थान, वेळ आणि वय या चारही गोष्टी एकत्र येतात. पूर्वीच्या तीन प्रश्नांना येथे दोन नवे प्रश्न जोडले गेले : किती वाजता, आणि कितव्या वयात?

२००२ मध्ये अमेरिकेतील वेल्स्ली महाविद्यालयात बार्बरा बेल्ट्झ यांच्या गटाने लॉब्स्टरच्या लहान पिलांच्या मेंदूत नव्या चेतापेशी निर्माण होण्याचा वेग दिवसभर सारखा नसून तिन्हीसांजेच्या सुमारास सर्वाधिक असतो, असे दाखविले. सेरोटोनिन कमी केल्यास मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, असेही त्याच प्रयोगशाळेचे काम सांगते. येथे लयीचा प्रश्न केवळ मोजमापाचा राहत नाही. मेंदू दिवसाच्या कोणत्या प्रहरी घडतो, इतका तो मूलभूत होतो. हे काम एखाद्या अवाढव्य संशोधनसंस्थेत नव्हे, तर प्रामुख्याने पदवी-शिक्षण देणाऱ्या एका महिला महाविद्यालयात झाले, हेही आपण प्राध्यापकांनी ध्यानात घ्यावे.

या संशोधनाची प्रशंसा करताना त्याच्या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. मेंदूतील सेरोटोनिन मोजण्यासाठी प्राणी मारावा लागतो. त्यामुळे आलेखातील प्रत्येक बिंदू वेगळ्या प्राण्याचा असतो. एकाच पिलाची लय कोणी पाहिलेली नसते. पिलाचा मेंदू इतका लहान असतो की, अनेक मेंदू एकत्र करून एक नमुना करावा लागतो. आता समजा, प्रत्येक पिलाची लय आहे, परंतु ती एकमेकांशी जुळलेली नाही. त्या सर्वांची सरासरी काढली तर आलेख सपाट येईल. मग आपण म्हणू की पिलांत लय नाही. वास्तविक लय असेल; नसेल तो मेळ. सरासरीत लय न दिसणे आणि प्राण्यात लय नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वाढत्या प्राण्यांच्या अभ्यासात हा भेद विशेष जपावा लागतो, कारण मेळ बसण्याची प्रक्रियाच तेथे चालू असते.

५. आपल्या खेकड्याचा प्रश्न

क्रेफिशवरील हे निष्कर्ष तेरणेच्या खेकड्याला लागू होतील काय? आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘कवचधारी प्राण्यांत’ असा सर्वसमावेशक शब्द वापरून एका जातीचा गुण दुसरीला बहाल करण्याची पद्धत आहे. ती येथे धोक्याची ठरते.

समुद्री खेकड्याच्या अंड्यातून झोइया नावाचा डिंभ बाहेर पडतो. तो पाण्यात तरंगतो व आईपासून तत्काळ स्वतंत्र होतो. झोइयाच्या पहिल्या अवस्थेत डोळे देठावर नसतात. ते शिरोभागाला चिकटलेले असतात आणि पुढील अवस्थेत मोकळे होतात. गोड्या पाण्यातील खेकड्याचे तसे नाही. त्याची अंडी थोडी, पण मोठी असतात. डिंभावस्था अंड्यातच उरकते आणि बाहेर येतो तो इवलासा, पण पुरता खेकडा. ही पिले काही काळ आईच्या पोटाखाली, शेपटीच्या घडीत राहतात. खेकडी धुताना पोटाची घडी उघडल्यावर वळवळणारी पिले दिसणे, हा आपल्याकडील अनेक स्वयंपाकघरांतील परिचित अनुभव आहे.

क्रेफिशची पिलेही सुरुवातीला आईच्या पोटाखालील उपांगांना धरून असतात. म्हणून झोइयापेक्षा क्रेफिश हे आपल्या खेकड्याचे जवळचे उदाहरण ठरते. परंतु साम्य येथेच संपते. हे दोन्ही प्राणी उत्क्रांतीच्या वेगवेगळ्या शाखांवरून गोड्या पाण्यात आले आणि त्यांनी ही अपत्यसंगोपनाची रीत स्वतंत्रपणे मिळविली. शिवाय मराठवाड्यातील खेकडा उन्हाळ्यात ओढा आटला की बिळात खोल राहतो. बिळाच्या तळाशी, आईच्या पोटाखाली, शेपटीच्या घडीत असलेल्या पिलापर्यंत सूर्यप्रकाश किती पोहोचणार? प्रयोगशाळेत आपण ‘बारा तास उजेड, बारा तास अंधार’ देतो. त्या पिलाच्या नशिबी मात्र अंधारावर अंधार असतो.

अशा स्थितीत पिलाला वेळ कोण सांगते? याविषयी एक सूचक पुरावा जपानमधून येतो. मासायुकी साइगुसा यांनी सेसार्मा हेमॅटोखेइर या खाडीकाठच्या खेकड्यावर दीर्घकाळ काम केले. त्याची अंडी भरतीच्या वेळेशी जुळवून फुटतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात अंडी फुटण्याच्या या वेळेवर मादीच्या घड्याळाचे नियंत्रण असल्याचे आणि त्यात तिच्या नेत्रवृंतातील चेताकेंद्राचा सहभाग असल्याचे प्रतिपादन आहे. म्हणजे पिलाच्या जन्माचा क्षण आईच्या डोळ्याच्या देठाशी बांधलेला असू शकतो. आपल्या खेकडीची हालचाल, तिचे रात्री बिळाच्या तोंडाशी येणे, पोटाखाली पाणी खेळविणे, हे पिलांसाठी सूर्याचे काम करीत असेल काय? ही प्रस्तुत लेखिकेची कल्पना आहे, निष्कर्ष नव्हे. परंतु ती तपासता येण्याजोगी आहे. आईसोबतची पिले आणि आईपासून वेगळी केलेली पिले अशा दोन गटांची हालचाल सतत अंधारात नोंदली, तर उत्तराची दिशा कळू शकेल.

या दृष्टीने नेत्रवृंत काढून टाकण्याच्या सुपरिचित प्रयोगाकडेही पुन्हा पाहावे लागते. नेत्रवृंत काढला की कात लवकर पडते, अंडाशय वाढतो, म्हणून तेथे रोधक संप्रेरक आहे, असे आपण वर्गात शिकवितो. ते खरेच आहे. पण नेत्रवृंतासोबत डोळा जातो, सेरोटोनिनचा एक मोठा साठा जातो आणि घड्याळाचा एक भागही जातो. ज्याची दृष्टी, रसायन आणि वेळ एकाच कात्रीने कापली, त्या प्राण्यातील प्रत्येक बदल एका संप्रेरकाच्या नावावर जमा करणे हे अतिसुलभीकरण आहे.

६. एक आत्मपरीक्षण

दुसऱ्यांच्या नोंदवह्यांविषयी लिहिताना स्वतःची नोंदवही झाकून ठेवणे योग्य नव्हे. प्रस्तुत लेखिकेची एम.फिल.ची प्रबंधिका याच विषयाच्या परिघातील होती. सेरोटोनिन टोचलेल्या खेकड्यांच्या रक्तद्रवातील साखर आणि न टोचलेल्यांची साखर यांची तुलना करावयाची, असे तिचे साधे स्वरूप होते. भारनियमनाचे दिवस होते. दुपारी वीज गेली की अपकेंद्री यंत्र बंद पडे. काही तुकड्यांचे काम सकाळी होई, काहींचे वीज परतल्यावर, आणि एका तुकडीचे दिवेलागणीनंतर झाल्याचे पक्के आठवते, कारण त्या दिवशी गावाकडे जाणारी शेवटची एस.टी. चुकली होती.

नियंत्रण गटातील दोन तुकड्यांचे आकडे एकमेकांशी जुळेनात. काहीही न टोचलेल्या एका तुकडीची साखर दुसऱ्या तुकडीच्या मानाने ठळकपणे अधिक होती. लेखिकेने त्यापुढे ‘वैयक्तिक भेद’ असे लिहिले आणि दोन्ही तुकड्यांची सरासरी काढली. तोंडी परीक्षेत त्याबद्दल प्रश्न आला नाही. पदवी मिळाली.

काही वर्षांनी कॅलेन आणि सहकाऱ्यांचा आलेख पाहताना ती तुकडी आठवली. नोंदवही काढून पाहिली. तारीख होती, वजने होती, मात्रा होती. वेळ एकाही पानावर नव्हती. जास्त साखरेची तुकडी दिवेलागणीचीच होती काय, हे आता कोणत्याही उपायाने ठरविता येणार नाही. कदाचित त्या प्रबंधिकेतील सर्वांत मोलाचे निरीक्षण ‘वैयक्तिक भेद’ या दोन शब्दांखाली गाडले गेले. कदाचित तो खरोखरच वैयक्तिक भेद असेल. लेखणीच्या एका फटकाऱ्यात लिहिता आला असता असा चार अंकी आकडा तेथे असता, तर आज हे ‘कदाचित’ उरले नसते. त्या प्रयोगात जे खेकडे मारले गेले, त्यांच्या मरणाचे मोल त्या न लिहिलेल्या आकड्याने कमी केले, ही खंत लेखिकेच्या मनात आहे. म्हणूनच हा लेख.

७. व्यवहार्य दिशा

सेरोटोनिनची लय रीतसर मोजावयाची तर खर्च मोठा आहे. दर चार तासांनी एक याप्रमाणे दोन दिवसांत बारा वेळा नमुने, प्रत्येक वेळी पाच प्राणी, वाढीच्या तीन अवस्था असे धरले तरी १८० प्राणी होतात. सतत अंधारातील गट जोडला की संख्या ३६० वर जाते, आणि लहान पिलांचे मेंदू एकत्र करावे लागल्याने ती आणखी वाढते. उच्च कार्यक्षमतेच्या द्रव वर्णलेखन यंत्राची सोय ग्रामीण महाविद्यालयात क्वचितच असते. दुष्काळाने वारंवार आटणाऱ्या आपल्या ओढ्यांतून एवढे प्राणी उचलणे योग्य काय, हाही प्रश्न आहेच.

तथापि पुढील गोष्टी आपल्या आवाक्यातील आहेत. पहिली, प्रत्येक नमुन्याची वेळ लिहिणे. आणि ती केवळ घड्याळाची नव्हे, तर सूर्योदयापासून किंवा दिवा लावल्यापासून किती तास झाले अशी. धाराशिवचे रेखावृत्त सुमारे ७६ अंश पूर्व आहे आणि भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांची. म्हणून येथील स्थानिक मध्यान्ह घड्याळातील बारानंतर सरासरी २६ मिनिटांनी येतो. प्राणी प्रमाणवेळ पाळत नाही. दुसरी गोष्ट, नियंत्रण गट आणि प्रयोग गट यांचे नमुने एकाच प्रहरी घेणे. तिसरी, प्राणी ठेवण्याच्या खोलीतील उजेड-अंधाराची नोंद ठेवणे. वीज गेल्याची वेळदेखील प्रयोगाचा भाग मानून लिहिणे.

चौथी गोष्ट अध्यापनाशी निगडित आहे. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील विच्छेदन बंद करण्याचे निर्देश दिले. त्यानंतर प्रात्यक्षिकाच्या तासाला करावयाचे काय, अशी तक्रार आपण अनेकदा ऐकतो. खेकड्याच्या हालचालीची दैनिक लय हे त्याचे एक उत्तर होऊ शकते. काचेच्या टाकीत एक खेकडा, कृत्रिम बीळ, अवरक्त प्रकाशात चालणारा साधा सीसीटीव्ही कॅमेरा आणि तासातासाची बेरीज करणारे विद्यार्थी एवढी सामग्री त्यास पुरते. प्राणी मरत नाही. एकाच प्राण्याची लय सलग पाहता येते, म्हणजे सरासरीची वर सांगितलेली अडचणही टळते. प्रयोग संपल्यावर खेकडा पुन्हा ओढ्यात सोडता येतो. रसायनाचा शोध पुढे विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत होईल. पण तो कोणत्या प्रहरी घ्यावयाचा, हे अशा निरीक्षणातूनच ठरेल.

प्रयोगशाळा सकाळी दहाला उघडून सायंकाळी पाचला बंद होते. निशाचर प्राण्याचा अभ्यास त्याच्या झोपेच्या वेळात करणे हे त्यामुळे आपल्याकडे स्वाभाविक होऊन बसले आहे. विशेषतः विद्यार्थिनींना व महिला संशोधकांना रात्रीचे काम करता यावे यासाठी सुरक्षित जागा आणि परतीची सोय लागते. लयीच्या संशोधनात हा व्यवस्थापनाचा किरकोळ तपशील नसून पद्धतिशास्त्राचाच भाग आहे, याची जाणीव महाविद्यालयांनी ठेवावी.

८. समारोप

मराठवाड्यातील कवचधारी प्राण्यांच्या संशोधनाने ओळख, स्थान आणि कार्य या तीन प्रश्नांवर मौलिक काम केले. वर्षाचे चक्रही त्याने जाणले. त्या पायावर पुढची वीट रचावयाची तर वेळ आणि वय हे दोन प्रश्न हाती घ्यावे लागतील. क्रेफिशच्या पिलांवरील अभ्यासाने वाट दाखविली आहे. तथापि ती वाट आपल्या ओढ्यापर्यंत आपणच आणावयाची आहे. बिळाच्या अंधारात आईच्या पोटाखाली वाढणाऱ्या पिलाच्या मेंदूत पहिली सांज केव्हा होते, हा प्रश्न आपल्या मातीतला आहे.

त्याची सुरुवात कोणत्याही अनुदानावर अडलेली नाही. पुढच्या सत्रात प्रयोगवही आखताना तारखेच्या शेजारी एक रकाना वाढवावा आणि त्यात वेळ लिहावी, एवढीच या लेखाची सहकारी प्राध्यापकांना विनंती आहे.